जाण्याआधीचं बोलणं

माणूस गेल्यानंतर काय करायचं, हे आपल्या वस्तीला कुणी शिकवावं लागत नाही. अर्ध्या तासात मंडळाची पोरं मांडवाच्या कामाला लागतात. कुणी विहारातून चटया आणतं, कुणी गावाकडं फोन लावतं, शेजारच्या घरात चहाचं पातेलं चढतं. बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होतं. पुढे जलदान विधी, पुण्यानुमोदन, फोटोला हार, आणि दोन शब्द बोलायला उठणारे दहा जण. नळावरून भांडणं झालेली घरंसुद्धा त्या दिवशी येऊन बसतात. ही आपली ताकद आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे.

जाण्याआधी मात्र आपण गप्प असतो. माणूस तीन-तीन महिने अंथरुणाला खिळलेला असतो. त्याला कळलेलं असतं, घरच्यांना कळलेलं असतं, तरी त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी शब्द काढत नाही. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही त्या गप्प बसण्याबद्दल लिहितो आहोत. विषय अशुभ वाटला तर आठवण ठेवा, शुभ-अशुभ आपण 1956 साली नागपूरलाच सोडून आलोय.

"बाबांना काही सांगू नका"

पेशंटला घेऊन सरकारी दवाखान्यात आमचं जाणं-येणं असतं. तिथला एक प्रसंग आम्ही इतक्या वेळा पाहिलाय की त्यातलं बोलणंही पाठ झालंय. रिपोर्ट आलेला असतो. डॉक्टर मुलाला बाहेर बोलावतात आणि सांगतात, आजार पसरलाय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. मुलगा भिंतीला टेकतो, थोड्या वेळाने डोळे पुसतो आणि पहिलं वाक्य बोलतो ते हेच: "बाबांना काही सांगू नका, साहेब. ते खचतील." मग आत येऊन बाबांना म्हणतो, "काही नाही, थोडं इन्फेक्शन आहे. गोळ्या दिल्यात."

हे बाबा म्हणजे कोण? बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला, महापालिकेत तीस वर्षं राबलेला, दोन पोरींची लग्नं लावून दिलेला माणूस. त्याला काय कळत नाही? गावाकडचा भाऊ अवेळी भेटायला येतो, सून न मागता मटण करते, शेजारीण दारातूनच पदराने डोळे टिपून मागे फिरते. त्याला सगळं समजतं. पण पोरगा लपवतोय म्हणजे पोराला सोसवत नसणार, असं धरून तोही काही विचारत नाही. एकमेकांना जपायला म्हणून दोघं एकमेकांशी खोटं बोलत राहतात आणि हातात जो काळ उरलाय तो तसाच संपतो.

त्यात राहून काय काय जातं! एका घरात वडील गेल्यावर कळलं की पतपेढीत ठेव आहे, आणि वारस म्हणून नाव आहे ते दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजीचं. ते तरी कागदाचं काम, धावपळ करून निस्तरलं. दुसऱ्या एका घरातल्या काकांना धाकट्या बहिणीला भेटायचं होतं. गावच्या घराच्या वाटणीवरून बारा वर्षं बोलणं बंद होतं. "बरं वाटलं की जाऊन येऊ," असं घरचे म्हणत राहिले. बरं वाटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. बहीण आली ती जलदानाला. फोटोसमोर बसून ती जे बोलली ते ऐकायला काका नव्हते.

याच्या उलटही आम्ही पाहिलंय. एका उपासिका ताईंना गर्भपिशवीचा कॅन्सर होता आणि तो हाताबाहेर गेला होता. त्यांची लेक नर्सिंगला होती. तिनेच एका संध्याकाळी आईला जवळ बसून खरं ते सांगितलं. पहिले दोन दिवस ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. कुणाचे किती देणं आहे, भिशीचे हप्ते किती राहिलेत, बचतगटाचं कर्ज कुठवर आलंय, सगळं लिहून काढलं. मग म्हणाल्या, मला दीक्षाभूमीला न्या, पण दसऱ्याच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या दिवशी सकाळी न्या, निवांत बसेन. नेलं. जयंतीला त्या जी भीमगीतं गायच्या ती सगळी त्यांनी नातीच्या मोबाईलमध्ये गाऊन ठेवली. त्यात आवाज मध्येच तुटतो, खोकला येतो, नात हसते, कुकरची शिट्टी होते. नंतर त्या साडेचार महिने जगल्या. दुखणं होतंच. पण तीस वर्षांच्या संसारात बोलल्या नव्हत्या तेवढं त्या दिवसांत माझ्याशी बोलल्या, असं त्यांचे यजमान सांगतात.

सगळ्यांना सगळं तोंडावर सांगून टाकावं, असं आमचं म्हणणं नाही. काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं. पण ते आपण ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. "आजाराबद्दल डॉक्टरांनी तुम्हाला सांगावं का, की माझ्याशी बोलावं?" एवढा एक प्रश्न पुरतो. पुष्कळदा समोरचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि म्हणतो, "मला माहीत आहे रे."

मोहरीचा दाणा

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात लहानपणापासून ऐकतो आणि लहान मुलांची गोष्ट म्हणून सोडून देतो. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई. तथागत तिला म्हणतात, ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. श्रावस्तीत मोहरी घराघरात होती. मरण न पाहिलेलं घर मात्र एकही मिळालं नाही.

आम्हाला या गोष्टीत एक वेगळी बाब मोठी वाटते. तथागतांनी तिला बसवून अनित्यतेचं प्रवचन दिलं नाही. तिला घराघरात पाठवलं. प्रत्येक दारात तिने विचारलं असेल आणि प्रत्येक दारातून कुणीतरी सांगितलं असेल, आमचा थोरला गेला, आमची सून बाळंतपणात गेली, आमचे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. संध्याकाळपर्यंत तिने किती घरांचं दुःख ऐकलं असेल! सकाळी ती एकटी होती, संध्याकाळी एकटी उरली नाही. तेव्हा कुठे तिच्या हातून ते मूल खाली ठेवलं गेलं. आपल्या वस्तीत तर घराला घर चिकटून आहे. मोहरी मागायला लांब जावं लागत नाही.

काही जण म्हणतील, मरणाचा विचार म्हणजे संसार सोडण्याची भाषा, ती भिक्खूंना शोभते. इथं बाबासाहेबांनी आपलं काम सोपं करून ठेवलंय. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही कथा त्यांनी तशीच स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं, हे कसं पटावं, असा सवाल त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच केला. त्यांच्या ग्रंथातला सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणापायी, युद्धाला नकार देऊन. म्हणजे मरणाला भिऊन पळालेला माणूस आपला शास्ता नाही. मरण आहे हे धरून, आहे त्या आयुष्यात माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, हे त्याने शिकवलं.

दुसरी गोष्ट याहून जवळची. आजार आला की शेजारपाजारचं कुणीतरी म्हणतंच, मागच्या जन्मीचं भोग आहे. आपल्याच घरातली म्हातारी माणसंही नकळत हे बोलून जातात. पण धम्मात आत्मा नाही, आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाऊन शिक्षा भोगणारं कुणी नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलंय. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, शुगर बेताल राहिली की किडनी जाते, दूषित पाण्याने कावीळ होते. कारणं या जन्मातली आहेत, काही तर आपल्या गल्लीतल्या गटारातली आहेत. अंथरुणावरच्या माणसाला हे एकदा नीट सांगा. आपण कुणाचं पाप फेडत नाही आहोत, हे कळल्यावर माणसाच्या छातीवरचं मोठं ओझं उतरतं.

आणि बाबासाहेब स्वतः? मधुमेह, पायांचं दुखणं, मंदावत चाललेली नजर. या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनीच नोंदवलंय की लिहिण्याच्या काळात प्रकृती अशी ढासळली होती की डॉक्टर विझत्या ज्योतीची भाषा बोलू लागले होते, आणि माईसाहेब व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याने ती ज्योत पुन्हा पेटली. म्हणजे त्यांनी उपचार घेतले, आणि काळ थोडा आहे हे ओळखून कामही उरकत आणलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर, 16 ला चंद्रपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद. 5 डिसेंबरच्या रात्री ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या हाताशी होते, आणि 6 डिसेंबरला झोपेतच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. शरीर साथ देत नाही हे त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. ते कुणी लपवलं असतं तर त्यांनी चालवूनही घेतलं नसतं.

कोणतं मरण मान्य करायचं?

इथं थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर आमच्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. मरण मान्य करा म्हणजे कुठलंही मरण मुकाट्याने घ्या, असं नाही.

गटारात उतरवलेला सफाई कामगार गुदमरून मरतो ते मरण मान्य करायचं नसतं. त्यावर 2013 चा कायदा आहे, आणि अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2023 चा निकाल आहे. तिथं पुण्यानुमोदनाबरोबर पोलीस ठाण्यात तक्रारही व्हायला हवी. टीबीने मरणं मान्य करायचं नसतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी फुकट होते, साध्या टीबीला सहा महिने औषध नेमाने घेतलं की माणूस बरा होतो. विदर्भातल्या आपल्या घरांमध्ये सिकलसेल आहे. त्या लेकराचं हातपाय दुखणं, वारंवार ताप येणं याला 'पोर नाजूक आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं, रक्त तपासायचं असतं. आणि लग्न ठरवताना कुंडली आपण बघत नाहीच, तर सिकलसेलचं कार्ड बघा.

आमचा अनुभव असा की आपण या दोन मरणांची अदलाबदल करतो. जिथं लढायचं तिथं "नशिबात असेल ते होईल" म्हणतो. बीपीची गोळी तीन महिन्यांनी बंद, कारण आता बरं वाटतंय. (बीपी वाढलेलं असतानाही बहुतेकांना काहीच जाणवत नाही, हेच तर त्या आजाराचं कपट.) छातीत गाठ लागली तर बाई सहा महिने सांगत नाही. गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं होतं, गालातली जखम तीन-तीन आठवडे भरत नाही, तरी तो म्हणतो चुना लागला असेल. आणि मग लढण्याची वेळ निघून गेली की आपण पेटून उठतो. खाजगी दवाखान्याचं आयसीयू, सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी पैसा, बायकोचं सोनं, पोराच्या कॉलेजची फी. "काही केलं नाही असं नको व्हायला." पंधरा दिवसांनी माणूस जातो आणि घर पाच वर्षं फेडत बसतं.

आपण एक दिवस जाणार आहोत, हे ज्याने मनात नीट बसवलं तो उलट गोळी वेळेवर घेतो, असं आम्ही पाहिलंय. 'मला काय होतंय' म्हणणारा माणूस खरं तर आपण मरणारच नाही असं धरून चाललेला असतो. मरण मान्य केलेला माणूस तपासणीला घाबरत नाही, कारण सगळ्यात वाईट बातमी त्याने आधीच ऐकून ठेवलेली असते.

म्हणून मोठ्या उपचाराचा निर्णय घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत विचारा. या उपचाराने आमचा माणूस बरा होईल का, की फक्त दिवस वाढतील? वाढले तर ते दिवस कसे जातील, घरी की मशीनवर? आणि हा उपचार घेतला नाही तर त्रास कमी ठेवायला तुम्ही काय कराल? डॉक्टर घाईत असतात, चिडतातही. तरी विचारा. बरं होण्यासारखं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून त्याच दिवशी समजून घ्या. कर्ज ही सगळ्यात शेवटची पायरी.

"आता घरी न्या"

हे वाक्य ऐकलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात झटकले. खरं तर आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करता येतं. त्याचं वेगळं शास्त्र आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दवाखाना सोडताना "इथं पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आहे का?" असं विचारा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात हा विभाग आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून फुकट सेवा देतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, नागपुरात स्नेहांचल आहे. केरळने यात सगळ्या देशाच्या पुढे मजल मारली. तिथं 1993 मध्ये कोझिकोडला काम सुरू झालं, ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचललं, आणि 2008 मध्ये सरकारने त्याचं धोरणच केलं. तिथं घरोघर जाणारे स्वयंसेवक म्हणजे मोठे डॉक्टर नव्हेत. शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. आपल्या मंडळांत अशी पोरं कमी आहेत का?

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन हे औषध आहे. नाव ऐकताच लोक दचकतात. पोराला नशा लागेल, बाबा झोपेतच जातील, ही भीती. तर ऐका. दुखण्याच्या मानाने, जाणकार डॉक्टरांच्या हाताखाली घेतलं तर माणूस नशेबाज होत नाही. तोंडाने घ्यायची गोळी स्वस्त आहे. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागल्यावर द्यायची नसते. सुरुवातीला दोन-चार दिवस गुंगी आणि मळमळ असते. पोट मात्र हमखास बांधतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागूनच घ्या. आपल्या मनाने डोस वाढवू नका, एकदम बंदही करू नका. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणं पूर्वी फार अवघड होतं. 2014 मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवता येऊ लागलं. आपल्या दवाखान्यात नसेल तर कुठे मिळेल, हे विचारायचा हक्क आहे.

घरी करायचं ते बहुतेक हाताने करायचं काम आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कंबरेला आणि टाचांना जखमा पडतात. चादर ओली किंवा चुरगळलेली राहू द्यायची नाही. तोंड सुकतं, तर स्वच्छ फडक्याने ओठ आणि जीभ ओलसर करायची, ओठांना थोडं व्हॅसलिन. धाप लागत असेल तर उशा लावून पाठ उंच करा आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, त्याने बराच आराम पडतो.

खाण्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. शेवटच्या दिवसांत भूक जाते, तहानही जाते. खात नाही म्हणून माणूस जात नसतो. शरीर आवरतं घेतंय म्हणून खाणं सुटतं. अशा वेळी चमचा तोंडात कोंबला तर अन्न श्वासनळीत जाऊन त्रास वाढतो. मागेल तेवढं, आवडेल ते, घोटभर. आणि कृपा करून सुनेला बोल लावू नका. भगवंतांनी शेवटचं अन्न घेतलं ते चुंद लोहाराच्या घरी, त्यानंतर त्यांचं दुखणं बळावलं. तर चुंदाच्या मनाला ते लागू नये, कुणी त्याला दोष देऊ नये, म्हणून आनंदाला त्यांनी मुद्दाम बजावून ठेवलं. ऐंशी वर्षांचं शरीर, वेदना चालू, आणि काळजी कुणाची, तर जेवू घालणाऱ्याची. कुसिनाऱ्याला आनंद रडत उभा होता तेव्हा त्यालाही जवळ बोलावून, तू किती वर्षं किती प्रेमाने सेवा केलीस, हे सगळ्यांसमोर सांगितलं. घरात रात्री जागणाऱ्या बाईला असं कुणी कधी म्हणतं का? बहुतेक घरात ती बाईच जागते. आळीपाळीने बसा. मुलगे आणि जावईसुद्धा कूस बदलू शकतात.

अगदी शेवटी हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घुरघुर होते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटतं, पण त्या माणसाला त्याचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. बोलता येत नसलं तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून उशाशी बसून वाटणी, खर्च, रजा यावर चर्चा नको. हात धरा, नाव घेऊन बोला. वंदना म्हणायची असेल तर हळू आवाजात म्हणा.

मशीन नको असेल तर

शुद्धीत असताना काही जण सांगतात, "मला नळ्या लावून ठेवू नका." पण वेळ आल्यावर ते कोण मानणार? यासाठी कायद्याने सोय आहे. बरं होण्याची आशा नसताना फक्त मशीनवर जगवू नये, असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला मान्य केलं. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये ते सोपं झालं. आता अठरा वर्षांवरच्या, शुद्धीतल्या कुणीही दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही घ्यायची. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात लिहायची. एक प्रत घरच्यांकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की दवाखान्यातली तीन डॉक्टरांची समिती तपासते, मग दुसरी समिती, आणि मगच मशीन काढायचा निर्णय होतो. लिहून ठेवलेलं नसलं तरी घरच्यांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं.

इंजेक्शन देऊन मारणं म्हणजे हे नव्हे. त्याला आपल्याकडे कायदा परवानगी देत नाही, आणि पहिल्या शीलातही ते बसत नाही. इथं फक्त एवढंच, की शरीर थांबत असताना त्याला मशीनने ओढत ठेवायचं नाही. दुखणं कमी करण्याचे उपचार शेवटपर्यंत चालूच राहतात.

लेकरांना काय सांगायचं

आजी गावाला गेली, आजोबा चांदणी झाले, असं सांगायची पद्धत आहे. लहान मूल ते खरं धरतं. मग आई दोन दिवस गावाला निघाली की ते रडून आकांत करतं आणि आपल्याला कळत नाही का. साधं सांगावं: आजोबांचं शरीर थांबलं, आता ते परत येणार नाहीत, आम्हालाही वाईट वाटतंय, तू विचारत जा. आजारी माणसाजवळ लेकरांना जाऊ द्या. साथीचा आजार नसेल तर पाणी दे, पाय चेप, पेपर वाचून दाखव, अशी कामं त्यांना द्या. मुलांना लांब ठेवलं की ती जे मनात रंगवतात ते खऱ्यापेक्षा फार भयानक असतं.

मोठ्यांनी एखाद्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातच अर्धा तास बसावं. बँक, पोस्ट, पतपेढी, विमा, भविष्य निर्वाह निधी यांत वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहावं. खोलीची कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत, जातीचा दाखला कुठे आहे, कुणाकडून येणं आहे. बायकोला हे माहीत नसतं अशी घरं आम्ही ढिगाने पाहिली आहेत.

त्याच बैठकीत नेत्रदानाचंही ठरवून टाका. चष्मा असलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, शुगर-बीपी असलेल्यांनाही डोळे देता येतात. एचआयव्ही, काही प्रकारची कावीळ, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितकं बरं. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा. पापण्या मिटवायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, काम साधारण वीस मिनिटांचं असतं, आणि चेहरा विद्रूप होत नाही, त्यामुळे अंत्यदर्शनाला अडचण येत नाही. आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाइकाची सही पुरते. पण त्या सहा तासांत मांडव, फोन आणि रडणं चालू असतं आणि ते कुणाला सुचत नाही. म्हणून कुणी आठवण करून द्यायची, ते एका माणसाचं नाव घेऊन आजच ठरवा.